बढती मिळाली, आता माणसं कशी सांभाळायची? गोव्यातल्या नव्या सुपरवायझरसाठी

पाऊस ओसरायला लागला की गोव्यातल्या हॉटेलांत सीझनची तयारी सुरू होते आणि त्याच सुमारास बढतीची पत्रंही हातात पडतात. काल रूम अटेंडंट असलेली मुलगी आज फ्लोअर सुपरवायझर होते. वेर्ण्याच्या किंवा कुंडईच्या कारखान्यात ऑपरेटरचा शिफ्ट इन्चार्ज होतो. पगार थोडा वाढतो, युनिफॉर्म बदलतो, माणसं मात्र तीच राहतात. काल ज्यांच्यासोबत डबा खाल्ला, त्यांनाच आज काम सांगायचं असतं. काम कसं करायचं हे शिकवलेलं असतं. ते दुसऱ्याकडून करून कसं घ्यायचं, हे सहसा कुणी शिकवत नाही.

पुढे दिलेला क्रम साधारण सहा आठवड्यांचा आहे. त्यामागचं म्हणणं एकच: नवा सुपरवायझर आपली नेतृत्वशैली विचार करून ठरवत नाही. त्या क्षणी मनात जी भावना असते, बहुतेक वेळा भीतीच, ती त्याच्या वतीने शैली ठरवून टाकते. ती भावना वेळीच ओळखता आली, तर निवड पुन्हा तुमच्या हातात येते.

आधी दोन संकल्पना नीट समजून घ्या

‘भावनिक बुद्धिमत्ता’ ही संकल्पना मानसशास्त्रात रुजली ती १९९० साली पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर यांनी लिहिलेल्या शोधनिबंधामुळे. पुढे १९९५ मध्ये डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकाने ती सर्वसामान्य वाचकांपर्यंत नेली. सॅलोव्ही आणि मेयर यांनी नंतर तिचे चार भाग पाडले. भावना ओळखणं हा पहिला, स्वतःचीही आणि समोरच्याचीही. त्या भावनेचा विचाराला उपयोग करून घेणं हा दुसरा. ती कशातून आली आणि पुढे कुठे जाईल हे समजणं तिसरा, आणि तिला आवर घालणं किंवा वळण देणं चौथा. यात गोड बोलणं कुठेही नाही. ‘फार मायाळू आहे, कुणाला दुखवत नाही’ असा लौकिक असलेल्या माणसाकडे यातला एकही भाग नसू शकतो, कारण न दुखवणं हे कधीकधी फक्त वाद टाळणं असतं.

मोबाइलवर वीस प्रश्नांत ‘तुमची भावनिक बुद्धिमत्ता’ मोजून देणाऱ्या चाचण्या भरपूर मिळतात. त्यावर पैसे घालवू नका. तुम्ही स्वतःबद्दल काय समजता, एवढंच त्या सांगतात. ज्याला स्वतःचा राग दिसत नाही, तो ‘मी शांत असतो’ यावरच खूण करणार.

आता शैली. गोलमन यांनी २००० साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये नेतृत्वाच्या सहा शैली मांडल्या. त्या समजायला एकच प्रसंग घेऊ. दुपारचा दीड वाजला आहे, दोन वाजता चेक-इन आहे आणि मजल्यावरच्या तीन खोल्या तयार नाहीत.

हुकमी शैलीचा सुपरवायझर म्हणेल, “दोनशे चौदा आधी. बाकी सोड. वीस मिनिटांत पाहिजे.” दिशा दाखवणारा म्हणेल, “लग्नाच्या वऱ्हाडातली माणसं रात्रभर प्रवास करून आलीत, लॉबीत लहान मुलं पेंगतायत. त्यांच्या खोल्या आधी देऊया.” जिव्हाळ्याची शैली असलेली विचारेल, “सकाळपासून पाणी तरी प्यायलीस का गं?” सहमतीवाली विचारेल, “तिघींत कुणाची खोली आधी निघेल, तुम्हीच बघून सांगा.” पुढे पळणारा काही बोलणारच नाही, बाह्या सरसावून स्वतःच चादर घालायला लागेल. घडवणारी सांगेल, “बाथरूम शेवटी घेतेस, तिथे वेळ जातो. खोलीत शिरल्यावर आधी तिथे क्लीनर मारून ठेव. चादरी होईतो ते आपलं काम करतं.”

सहाही जण कुठल्या ना कुठल्या दिवशी बरोबर असतात. गोलमन यांनी आधार घेतलेल्या पाहणीत ३,८७१ अधिकारी होते. त्यात दिसलं ते असं की दिशा दाखवणारी, जिव्हाळ्याची, सहमतीची आणि घडवणारी या चार शैली कामाचं वातावरण सुधारतात. हुकमी आणि पुढे पळणारी या दोन शैली रोजच्या झाल्या की ते बिघडवतात. सर्वांत चांगलं वातावरण होतं ते चार किंवा जास्त शैली येणाऱ्या आणि प्रसंगानुसार बदलणाऱ्या माणसांकडे.

पायरी १: पहिले चौदा दिवस, वही

खिशात मावेल अशी वही घ्या. शिफ्ट संपल्यावर, बाइकला किक मारण्याआधी किंवा कदंबच्या बसमध्ये बसल्यावर पाच मिनिटं लिहा. दिवसातले फक्त दोन प्रसंग आणि प्रत्येकाला तीन ओळी: काय घडलं, अंगात काय झालं आणि मनात काय आलं, मी काय केलं.

मधली ओळ सर्वांत अवघड. नवे लोक तिथे ‘राग आला’ लिहून मोकळे होतात. राग हा बहुधा वरचा थर असतो. मराठीत यासाठी किती बारीक शब्द आहेत ते वापरा. अपमान वाटला की नुसते कानकोंडे झालात? हिरमुसलात, की जीव टांगणीला लागला होता? तळपायाची आग मस्तकात गेली, की फक्त पोटात भूक आणि पाठीत कळ होती म्हणून चिडचिड झाली? भावनेला नेमकं नाव दिलं की तिचा जोर कमी होतो. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या मेंदूच्या स्कॅनवरच्या एका अभ्यासात, चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द दिल्यावर मेंदूतल्या अमिग्डाला या भागाची हालचाल घटलेली दिसली. धोक्याची सूचना देण्यात हाच भाग पुढे असतो.

शरीराची ओळ वगळू नका. कान तापणं, जबडा आवळणं, आवाज चढणं ही चिन्हं मनाआधी सांगतात. आठव्या-नवव्या दिवसापर्यंत तुमचं एक ठरावीक चिन्ह वहीत वारंवार आलेलं दिसेल. पुढे उपयोगी पडतं ते हेच.

पायरी २: तुमची भीती कोणती ते शोधा

चौदा दिवसांची वही घेऊन बसा आणि तिसऱ्या ओळी, म्हणजे ‘मी काय केलं’, सलग वाचा. नव्या सुपरवायझरच्या बाबतीत साधारण तीनपैकी एक चित्र दिसतं.

पहिलं: ‘हे लोक माझं ऐकणार नाहीत.’ ही भीती असलेला माणूस हुकमी होतो. विशेषतः स्वतः वयाने लहान आणि हाताखाली वीस वर्षं काढलेली माणसं असतील तर. तो छोट्या गोष्टींवर आवाज चढवतो, मेमोची भाषा करतो, कुणी प्रश्न विचारला की त्याला ते उलट उत्तर वाटतं. बिघडतं काय? माणसं ऐकतात, पण सांगायची थांबतात. गिझर गळतोय, मशीनचा आवाज बदललाय, पाहुणा चिडलाय हे त्याला सर्वांत शेवटी कळतं.

दुसरं: ‘माझे मित्र तुटतील.’ असा माणूस जिव्हाळ्याच्या शैलीत अडकतो. उशिरा येणाऱ्याला रोज सांभाळून घेतो, त्याचं काम गुपचूप दुसऱ्याला देतो. आणि ज्याला देतो तो बहुधा न कुरकुरता काम करणारा असतो. दोन महिन्यांत तोच नोकरी सोडतो. गोव्यात हे जास्त होतं, कारण सहकारी बऱ्याचदा त्याच वाड्यावरचा, देवळाच्या उत्सवात शेजारी उभा राहणारा, नात्यातलाही असतो. शिफ्ट संपली तरी संबंध संपत नाही. म्हणून ही भीती खोटी म्हणून झटकून टाकू नये. ती खरी आहे. तिच्यावर उपाय एकच: नियम माणूस बघून न बदलता सर्वांना आधी सांगणं. आधी सांगितलेल्या नियमाचा राग माणसावर कमी निघतो.

तिसरं चित्र सर्वांत फसवं आहे, कारण त्यात कौतुक होतं. ‘मला जमत नाही असं कुणी म्हणू नये’ ही भीती. असा सुपरवायझर पुढे पळतो. उत्तम कामगार होता म्हणूनच बढती मिळालेली असते, त्यामुळे अडचण आली की तो हातातलं काम काढून घेतो आणि स्वतः करतो. गावच्या उत्सवातल्या नाटकाच्या तालमी पाहिलेल्यांना हा माणूस ओळखीचा वाटेल. दिग्दर्शक प्रत्येकाची भूमिका स्वतः करून दाखवतो, सगळे वाहवा करतात, आणि प्रयोगाच्या रात्री नट त्याचीच नक्कल करत राहतात. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात असा सुपरवायझर आजारी पडतो आणि मजला ठप्प होतो.

आपलं चित्र कोणतं ते वहीच्या शेवटच्या पानावर एका वाक्यात लिहा. दोन चित्रं मिसळलेलीही असतात, तर तसं लिहा.

पायरी ३: चिन्ह दिसलं की थांबा

वहीत सापडलेलं शरीराचं चिन्ह उमटलं की तीनदा श्वास सावकाश सोडा. आत घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लागला पाहिजे. मग मनात भावनेचं नाव घ्या. एवढ्यानं भागलं नाही आणि काम थांबवण्यासारखं असेल, तर “मी थोड्या वेळानं येऊन बोलतो” म्हणून निघा. खरोखर पेटलेलं शरीर निवायला वीसेक मिनिटं लागतात, दोन मिनिटांत परत आलात तर तोच राग घेऊन याल. आणि सांगितलं असेल तर परत याच. न परतणं ही समोरच्यासाठी वेगळीच शिक्षा असते.

दोन बंधनं स्वतःवर घाला. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कुणालाही रागवायचं नाही, आणि शिफ्टच्या शेवटच्या दहा मिनिटांत चूक काढायची नाही. ग्रुपवरचं वाक्य डिलीट केलं तरी वाचणाऱ्यांच्या मनातून पुसलं जात नाही. शिफ्टच्या शेवटी ऐकलेलं वाक्य माणूस घरी घेऊन जातो आणि रात्रभर फुगवतो.

पायरी ४: प्रत्येकाशी दहा मिनिटं

तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात प्रत्येकाला एकेकटं भेटा, ऑफिसात बोलावून न घेता, शक्यतो त्याच्या कामाच्या जागी. तीन प्रश्न पुरेत. कामातलं काय नीट चाललंय? कशामुळे सर्वांत जास्त वेळ वाया जातो? मी काय केलं तर तुमचं काम सोपं होईल? तिसऱ्याला पहिल्यांदा “काही नाही” हेच उत्तर येतं. गप्प राहा. मनात दहा मोजा. खरं उत्तर बहुधा त्यानंतर येतं.

ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगा: “म्हणजे लिनन उशिरा येतं म्हणून तुमचं अडतं, असं ना?” तुमचं चुकलं असेल तर तो दुरुस्त करेल. इथे दोन चुका फार होतात. एक, “समजतं मला” हे लवकर म्हणणं. दुसरी, तिथल्या तिथे तोडगा देणं. तुमच्या हातात नसलेली गोष्ट कबूल केलीत की पुढच्या महिन्यात तुमचा शब्द कुणी धरणार नाही.

भाषेचं भान ठेवा. गोव्यातल्या एका शिफ्टमध्ये कोकणी, मराठी, हिंदी, कन्नड एकत्र नांदतात. कोकणीत ‘तूं’ फार सहज येतं, त्यात अनादर नसतो. घाटावरून आलेल्या मराठी माणसाला मात्र अनोळखी वरिष्ठाचं ‘तू’ टोचतं. उलट त्याचं सततचं ‘तुम्ही’ गोवेकराला परकं वाटू शकतं. पहिल्या भेटीतच विचारून घ्या, तुम्हाला काय म्हणू? वयाने मोठ्यांना नावापुढे ‘बाब’ किंवा ‘बाय’ लावलं तर इथे आदरही राहतो आणि आपलेपणाही. ओडिशा-झारखंडहून आलेल्या मुलांशी तुटक हिंदीत नुसते आदेशच दिले जातात, हे खूप ठिकाणी दिसतं. त्यांनाही हेच तीन प्रश्न विचारायचे, सोबत भाषा येणारा सहकारी घेऊन.

बोलण्याबाहेरचंही बघा. नेहमी बडबडणारी अचानक गप्प झाली, किंवा वेळेवर येणारा सलग तीन दिवस उशिरा आला, तर आधी चौकशी, मग नोंद.

पायरी ५: प्रसंग बघून शैली निवडा

निवडताना स्वतःला दोनच प्रश्न विचारा. वेळ किती आहे? आणि समोरच्याला हे काम येतं का?

किचनमध्ये गॅसचा वास आला, कारखान्यात सॉल्व्हंट सांडलं, पोहण्याच्या तलावात कुणी गटांगळ्या खातंय, तर हुकमी शैलीच हवी. तिथे मत विचारणं धोक्याचं. नाव, काम, इतकंच बोला: “सुरेश, मेन व्हॉल्व्ह बंद कर. मेरी, सगळ्यांना बाहेर काढ.” नाव न घेता “कुणीतरी बंद करा” म्हटलं की कुणीच हलत नाही. धोका टळल्यावर मात्र दहा मिनिटं एकत्र बसून का ओरडलो ते सांगायचं. हे राहून गेलं तर लोकांना फक्त ओरडणं आठवतं.

नवी मुलगी चादर घालतेय आणि कोपरा सुटतोय. तुमचा हात शिवशिवतो. हीच ती वेळ. गादीच्या एका कोपऱ्याची घडी तुम्ही घाला, सावकाश: लोंबणारी कड गादीवर उचला, पंचेचाळीस अंशांचा कोन करा, खालचा भाग आत खोचा, मग वरचा खाली आणून खोचा. पलीकडचा कोपरा तिला घालू द्या आणि तुमचे हात मागे ठेवा. चुकला तर काढून पुन्हा. दोन कोपऱ्यांना सहा मिनिटं गेली तरी चालेल, पुढच्या शंभर चादरींना ती वाचतात. ही पद्धत शिकायची इच्छा असलेल्यालाच लागू पडते. ज्याला काम उत्तम येतं पण मन उडालंय, त्याला कोपरा शिकवायला गेलात तर अपमान होईल. तिथे आधी बोलणं हवं.

आणि चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. गोव्यात सुपरवायझरची खरी परीक्षा हीच. मूळ घरी गणपती आहे, माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची सजावट) बांधायची आहे, मुंबईहून भाऊ येणार आहेत, आणि हॉटेल मात्र चालू आहे. समजा विभागात चौदा माणसं आहेत आणि पहिल्या दिवशी किमान आठ लागतात. चवथीच्या सहा आठवडे आधी सुरुवात करा.

आधी हा आठचा आकडा फळ्यावर लिहा, कारणासकट. हा चर्चेचा विषय नाही हे स्पष्ट सांगा. मग चर्चेला जे खुलं आहे ते मांडा: सहा सुट्ट्या कुणाला आणि कशा वाटायच्या. प्रत्येकाकडून पहिली आणि दुसरी पसंती चिठ्ठीवर घ्या. मागच्या वर्षी कोण थांबलं होतं त्याची यादी समोर ठेवा. पहिला हक्क त्यांचा, हे बहुतेक गट स्वतःहून मान्य करतात. कुणाचा गणपती दीड दिवसाचा, कुणाचा पाच दिवसांचा, त्यामुळे दिवस फिरवायला वाव असतो, आणि तो तुमच्यापेक्षा त्यांनाच चांगला माहीत असतो. म्हणून इथे सहमतीची शैली.

इथे तीन गोष्टी बिघडतात. मनात यादी आधीच ठरवून मत विचारणं पहिली. लोक हे एका वर्षात ओळखतात आणि पुढच्या वर्षी तोंड उघडत नाहीत. मित्राला खासगीत आधीच ‘हो’ म्हणून बसणं दुसरी. तिसरी म्हणजे ख्रिस्ती किंवा परराज्यातले सहकारी थांबतीलच असं गृहीत धरणं. थांबायला ते बऱ्याचदा तयार असतात, पण त्यांना विचारावं लागतं, आणि नाताळची किंवा छठची सुट्टी त्याच कागदावर लिहून द्यावी लागते.

यादी ठरली की शैली बदला. “आता ही पक्की. बदल हवा असेल तर आपापसांत अदलाबदल करून दोघांनी मला येऊन सांगा.” इथे ढिले पडलात तर आधीची सगळी सहमती वाया जाते. आणि चवथीच्या दिवशी जे कामावर थांबले, त्यांच्यासाठी नेवऱ्यांचा (करंज्यांचा) डबा कुणाच्या तरी घरून आलाच पाहिजे, हे सुपरवायझरने आठवणीनं बघायचं. त्यांच्याबरोबर बसून खा.

पायरी ६: चुकलात तर

चुकाल. ज्यांच्यासमोर रागावलात त्यांच्यासमोरच माफी मागा, आणि चोवीस तासांच्या आत. वाक्य छोटं ठेवा: “काल ब्रीफिंगमध्ये मी तुझ्यावर ओरडलो. ते चुकलं.” त्यापुढे ‘पण’ जोडू नका. चूक तिचीही असेल तर ती वेगळ्या वेळी, एकटीला सांगा. माफी मागितल्यानं वजन कमी होतं असं जुन्या सुपरवायझरांकडून ऐकाल. वजन कमी होतं ते तीच चूक पुढच्या आठवड्यात पुन्हा केल्यानं.

पायरी ७: सहाव्या आठवड्याची मोजणी

प्रत्येकाला कोऱ्या कागदाची चिठ्ठी द्या, नाव न घालता. मी काय चालू ठेवू, काय बंद करू, काय नव्यानं करू, एवढेच प्रश्न. अक्षर ओळखू येईल अशी भीती असेल तर छापील अक्षरांत लिहायला सांगा, ज्याला लिहिता येत नाही त्याला विश्वासातल्या सहकाऱ्याकडून लिहून घेऊ द्या. चिठ्ठ्या वाचल्यावर, त्यातली कुठली एक गोष्ट बदलणार ते पुढच्याच ब्रीफिंगमध्ये सांगा. कुणी काय लिहिलं असेल याचा तपास करू नका, गमतीनंही नाही.

सोबत वहीत एक नोंद सुरू करा: चूक घडल्यापासून ती तुमच्यापर्यंत पोचायला किती वेळ लागला, आणि ती कुणी सांगितली. काच फुटली, बॅचचं लेबल चुकलं, पाहुण्याचा शर्ट प्रेस करताना जळला. पहिल्या आठवड्यात हे तुम्हाला दुसऱ्या दिवशी, तिसऱ्याकडून कळत असेल. ज्याच्या हातून चूक झाली तोच अर्ध्या तासात येऊन “साहेब, माझ्याकडून झालं” म्हणायला लागला, की वही कपाटात ठेवली तरी चालेल. नवा माणूस विभागात आला की ती पुन्हा काढा.